फ्लॅशचा वायरलेस ट्रिगर घेताय? आधी कॅमेऱ्याच्या डोक्यावरची पिन बघा

जुन्नर/आंबेगाव (प्रतिनिधी) : लगीनसराई संपली की आपल्या भागात जुने कॅमेरे विकायला निघतात. कार्यक्रमाचे फोटोग्राफर नवीन मिररलेस कॅमेरा घेतात आणि त्यांचा जुना कॅमेरा नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगावच्या एखाद्या हौशी पोराच्या हातात येतो. पहिले दोन-तीन महिने शिवनेरी, डिंभे धरण, द्राक्षाची बाग असे उजेडातले फोटो होतात. मग घरातल्या साखरपुड्याला किंवा हळदीला रात्रीचे फोटो काढायची वेळ येते. कॅमेऱ्यावर फ्लॅश लावला की नवरीचा चेहरा पांढराफटक आणि मागच्या भिंतीवर काळी सावली. कोणीतरी सांगतं, "अरे, फ्लॅश बाजूला धर, ट्रिगर लागतो त्याला." मोबाईलवर शोधलं तर हजार रुपयांपासून दहा हजारांपर्यंत ट्रिगर दिसतात. सगळ्यांवर 'वायरलेस', 'शंभर मीटर', 'प्रोफेशनल' असंच लिहिलेलं असतं.

यातला कोणता घ्यायचा, हे सोप्या भाषेत सांगायचा हा प्रयत्न आहे. सुरुवातीलाच सार सांगतो. हौसेसाठी महाग ट्रिगर लागत नाही. पण आपल्या कॅमेऱ्याला न जुळणारा स्वस्त ट्रिगर म्हणजे पैसे पाण्यात.

ट्रिगर नेमकं काय करतो?

विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवलेला आपण सगळ्यांनी पाहिलाय. घरात बसून फोन लावला की शेतात मोटार चालू होते. ट्रिगर म्हणजे फ्लॅशचा स्टार्टर. कॅमेऱ्यावर बसतो तो ट्रान्समीटर, फ्लॅशच्या खाली लागतो तो रिसिव्हर. तुम्ही फोटोचं बटण दाबलं, कॅमेऱ्याचं शटर उघडलं की ट्रान्समीटर रेडिओ लहरींवर रिसिव्हरला सांगतो, "आता!" आणि फ्लॅश उडतो. एवढंच त्याचं मुख्य काम.

स्टार्टर महागातला घेतला म्हणून विहिरीचं पाणी वाढत नाही. तसंच ट्रिगर महागातला घेतला म्हणून फ्लॅशचा उजेड वाढत नाही, की तो मऊ पडत नाही. उजेड चांगला दिसतो तो फ्लॅश कुठे ठेवला, किती लांब ठेवला आणि त्याच्यासमोर पांढरी छत्री किंवा कापड आहे का, यावर.

फ्लॅश बाजूला का न्यायचा, तेही शेतातच कळतं. नांगरलेल्या रानाचा भर दुपारी फोटो काढा, सगळं सपाट दिसतं. सकाळी आठ वाजता तिरप्या उन्हात काढा, प्रत्येक तास उठून दिसतो. चेहऱ्याचंही तसंच आहे. समोरून मारलेल्या फ्लॅशने चेहरा चपटा होतो, बाजूने आलेल्या उजेडात नाक, डोळे, सुरकुत्या दिसतात.

आधी फुकटातला मार्ग करून बघा

ट्रिगर घेण्याआधी आपल्या फ्लॅशवर 'एस१' आणि 'एस२' अशी सेटिंग आहे का ते बघा. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त फ्लॅशना ती असते. या सेटिंगमध्ये फ्लॅशला एक डोळा असतो. दुसरा कुठलाही फ्लॅश उडालेला त्याला दिसला की तोही त्याच क्षणी उडतो. म्हणजे कॅमेऱ्याचा स्वतःचा छोटा फ्लॅश वर काढायचा आणि मोठा फ्लॅश बाजूला स्टँडवर ठेवायचा. छोटा उडाला की मोठा उडतो, ट्रिगरची गरजच नाही.

यात एक मेख आहे. ऑटोवर असलेला कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश मुख्य उजेडाआधी एक चाचणीचा झटका देतो. तो आपल्या डोळ्याला वेगळा कळत नाही, पण फ्लॅशला कळतो. एस१ वर ठेवलेला फ्लॅश त्या चाचणीलाच उडतो आणि खऱ्या फोटोच्या वेळी रिकामा असतो. अशा वेळी एस२ वापरायचं, ते पहिला झटका सोडून देतं. निकॉनच्या डी३५००, डी५६०० सारख्या कॅमेऱ्यांत छोटा फ्लॅश मेनूतून मॅन्युअल करता येतो, तिथे एस१ चालतं.

घरात, चार भिंतींत, सात-आठ फुटांवर ही पद्धत छान चालते. भर उन्हात मात्र फ्लॅशचा डोळा दिपतो. मध्ये माणूस किंवा खांब आला तरी तो चुकतो. आणि लग्नात तर गंमतच. पाहुण्यांपैकी कोणीही फ्लॅश मारला की तुमचा फ्लॅश उडतो आणि सेल संपतात. तुमचे फोटो घरातले आणि थोडेच असतील तर इथेच थांबा, पैसे वाचवा. बाहेर किंवा गर्दीत काम असेल तर रेडिओ ट्रिगरकडे वळा.

रेडिओ ट्रिगरचे तीन प्रकार

१. फक्त उडवणारा साधा ट्रिगर. एक ट्रान्समीटर, एक रिसिव्हर. फ्लॅशची ताकद फ्लॅशवर जाऊन हाताने कमी-जास्त करायची. योंगनुओचा आरएफ-६०३ हे याचं जुनं, नावाजलेलं उदाहरण. तो २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि एकच डबी ट्रान्समीटर म्हणूनही चालते, रिसिव्हर म्हणूनही. या प्रकारची जोडी साधारण एक ते अडीच हजारांत मिळते. घरात जुना फ्लॅश पडून असेल तर हाच प्रकार सगळ्यात परवडतो.

२. पोटातच रिसिव्हर असलेला फ्लॅश आणि त्याच कंपनीचा ट्रान्समीटर. गोडॉक्सचा टीटी६०० किंवा योंगनुओचा वायएन५६०-४ हे असे फ्लॅश. वेगळा रिसिव्हर लावायचा नाही, त्याचे सेल बदलायचे नाहीत आणि फ्लॅशची ताकद कॅमेऱ्यावरूनच कमी-जास्त होते. फ्लॅश उंच स्टँडवर छत्रीत असेल तर ही सोय फार मोठी वाटते. ज्याच्याकडे अजून फ्लॅशच नाही, त्याने हाच मार्ग धरावा. फ्लॅश आणि ट्रान्समीटर मिळून खर्च दहा हजारांच्या आसपास जातो, मॉडेल आणि दुकानाप्रमाणे कमी-जास्त.

३. टीटीएल आणि हाय स्पीड सिंकवाला ट्रिगर. गोडॉक्सचा एक्स२टी हे याचं माहितीतलं नाव. टीटीएल म्हणजे कॅमेरा स्वतः मोजून फ्लॅशची ताकद ठरवतो. वरातीत, हळदीत, जिथे माणूस क्षणात पुढे, क्षणात मागे असतो, तिथे याचा उपयोग होतो. पण फायदा मिळायला फ्लॅशही टीटीएलचाच लागतो, आणि तो साध्यापेक्षा बराच महाग.

फ्लॅश स्टँडवर एका जागी आहे, समोर आजी पाटावर बसलीय, तर टीटीएल कशाला? एकदा ताकद जुळवली की शंभर फोटो सारखेच येतात. उलट टीटीएलमध्ये आजीने पांढरं लुगडं बदलून काळी चंद्रकळा नेसली तर कॅमेऱ्याचा हिशोब बदलतो आणि उजेड कमी-जास्त होतो. शिकताना मॅन्युअलच बरं. काय बदललं की काय होतं, हे त्यातच कळतं.

घेण्याआधी या पाच गोष्टी तपासा

एक : कॅमेऱ्यावरची मधली पिन. कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश सरकवायची जी जागा असते तिला हॉट शू म्हणतात. तिच्या बरोबर मध्ये एक मोठा गोल ठिपका असतो. साधा ट्रिगर याच ठिपक्यातून कॅमेऱ्याचा इशारा घेतो. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ या कॅमेऱ्यांमध्ये हा मधला ठिपकाच दिलेला नाही. आपल्याकडे हौशी पोरांच्या हातात हेच कॅमेरे जास्त दिसतात, म्हणून हे नीट वाचा. या कॅमेऱ्यांवर साधा, एका पिनेवर चालणारा ट्रिगर बसेल, दिवाही लागेल, पण फोटो काढल्यावर फ्लॅश उडणार नाही. ट्रिगर खराब नसतो, कॅमेरा त्याला सांगतच नाही. याआधीच्या १३००डीला ही पिन आहे.

तुमचा कॅमेरा या तीनपैकी असेल तर दोन वाटा आहेत. एक, वर सांगितलेली एस२ ची फुकट पद्धत. दुसरी, कॅननच्या बाकीच्या बारीक पिनांमधून बोलणारा ट्रिगर. काही कंपन्यांनी आपल्या ट्रिगरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करून या मॉडेलची सोय केली आहे. घेताना कंपनीच्या यादीत आपल्या कॅमेऱ्याचं नाव शोधा. आणि शक्य असेल तर कॅमेरा सोबत नेऊन दुकानातच फ्लॅश उडवून बघा.

महागातल्या ट्रिगरच्या नावाच्या शेवटी सी, एन, एस अशी अक्षरं असतात. सी म्हणजे कॅनन, एन म्हणजे निकॉन, एस म्हणजे सोनी. मित्राच्या निकॉनचा टीटीएल ट्रिगर तुमच्या कॅननला तशी साथ देणार नाही.

दोन : जुन्या फ्लॅशचा व्होल्टेज. रोलच्या कॅमेऱ्याच्या काळातले फ्लॅश अजून अनेकांच्या माळ्यावर आहेत. चुलत्याचा, मामाचा फ्लॅश फुकट मिळतो. पण त्यातल्या काहींच्या पिनेवर दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो. आत्ताच्या फ्लॅशना तो दहा व्होल्टच्या आत असतो. असा जुना फ्लॅश थेट डिजिटल कॅमेऱ्यावर लावला तर कॅमेऱ्याचं सर्किट जाऊ शकतं.

तपासणं सोपं आहे. मोटारीच्या वायरमनकडे मल्टिमीटर असतोच. तो डीसीवर, मोठ्या व्होल्टला ठेवायचा. फ्लॅशमध्ये ताजे सेल टाकून त्याचा तयार असल्याचा दिवा लागू द्यायचा. मग एक टोक खालच्या मधल्या पिनेला आणि दुसरं बाजूच्या धातूला लावायचं. दहाच्या आत आकडा आला तर निश्चिंत. जास्त आला तर तो फ्लॅश कॅमेऱ्यावर कधीच लावू नका. रेडिओ रिसिव्हरवर लावायचा असेल तर तो किती व्होल्ट सोसतो, हे त्याच्या माहितीपत्रकात बघा. फ्लॅश स्वतः कधी खोलू नका. त्यातल्या कॅपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि सेल काढल्यावरही तो काही काळ राहतो.

तीन : लहरींचा आकडा. स्वस्त आणि जुन्या बनावटीचे काही ट्रिगर ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात, उदाहरणार्थ गोडॉक्सचा सीटी-१६. नवीन बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे वायफाय आणि ब्लूटूथ चालतात त्याच पट्ट्यात. आकडा बॉक्सवर छापलेला असतो.

आपल्या भागात या आकड्याला जास्त महत्त्व आहे, कारण खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यातल्या १४ मध्यभागी एकवटलेल्या आणि बाकीच्या १६ तीन दिशांना, साधारण २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. ही दुर्बीण आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी ऐकते. तिचा एक पट्टा २५० ते ५०० मेगाहर्ट्झचा आहे, आणि ४३३ नेमका त्याच्या मध्येच बसतो. ट्रिगरची ताकद जरी किरकोळ असली तरी दुर्बीण ज्या लहरी टिपते त्या त्याहून कित्येक पटींनी कमजोर असतात. म्हणून खोडद, मांजरवाडी, नारायणगाव परिसरातल्या माणसाने २.४ गिगाहर्ट्झचाच ट्रिगर घ्यावा. दुर्बिणीच्या आवारात तर कुठलाच ट्रिगर चालू करू नये. तिथे मोबाईलसुद्धा बंद ठेवायला सांगतात, ते उगीच नाही.

चार : सेल कोणते लागतात. काही ट्रान्समीटरला दाराच्या बेलच्या रिमोटमध्ये असतो तसा छोटा १२ व्होल्टचा सेल लागतो. तो गावात मिळत नाही, ऐन कार्यक्रमात संपला की बसा. पेन्सिल सेल किंवा टीव्हीच्या रिमोटचे बारीक सेल लागणारा ट्रिगर घ्या, ते कुठल्याही किराणा दुकानात मिळतात.

फ्लॅशला मात्र किराणा दुकानातले साधे स्वस्त सेल घालू नका. दहा-वीस फोटोंत ते दम तोडतात. चार्ज होणारे चांगल्या कंपनीचे, दोन हजार एमएएचच्या आसपासचे आठ पेन्सिल सेल आणि एक चार्जर घ्या. चार फ्लॅशमध्ये, चार खिशात. 'ट्रिगर कधी उडतो, कधी उडत नाही' ही तक्रार बऱ्याचदा सेलचीच असते.

पाच : परत करायची मुदत. ऑनलाईन घेताना किती दिवसांत परत करता येईल ते वाचा. पार्सल आल्याच्या दिवशीच तपासणी करा. फ्लॅश कमी ताकदीवर ठेवून लागोपाठ तीस फोटो काढा. तिसांपैकी एखादा चुकला तर सेल बदलून परत बघा. चार-पाच चुकले तर सरळ परत करा.

शंभर मीटरचं खरं काय?

बॉक्सवर शंभर मीटर लिहितात ते मोकळ्या माळरानावरचं. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं. त्यामुळे मध्ये माणसांची गर्दी किंवा ओल्या उसाचा फड आला की अंतर बरंच घटतं. पण काळजी नको. पाच-दहा फुटांवरच्या फ्लॅशसाठी कुठलाही बरा ट्रिगर पुरतो. शंभर मीटरवरून लावलेल्या फ्लॅशचा उजेड तरी कुठे पोहोचतोय? अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाईवर येतो. दोन मीटरवर पुरणारा फ्लॅश चार मीटरवर तेवढाच दिसायला चौपट ताकद लागते. म्हणून मीटरच्या आकड्यावर जादा पैसे मोजू नका.

मंगल कार्यालयात दोन-तीन फोटोग्राफर असतील तर एकाच्या ट्रिगरने दुसऱ्याचा फ्लॅश उडू शकतो. अशा वेळी चॅनल बदलायचा. ट्रान्समीटर आणि रिसिव्हर दोन्हीवर एकच चॅनल असला पाहिजे, हे लक्षात ठेवा.

फोटोत काळा पट्टा येतो, तो का?

ट्रिगर घेतल्यावर हमखास येणारी ही अडचण. फोटोचा अर्धा भाग उजळ आणि खाली किंवा वर काळा पट्टा. लोकांना वाटतं ट्रिगर खराब आहे.

कॅमेऱ्यात दोन पडदे असतात. पहिला सरकून उघडतो, मग दुसरा त्याच्या मागून येऊन झाकतो. वेग कमी असेल तर मध्ये एक क्षण असा येतो की सगळं उघडं असतं. फ्लॅश त्याच क्षणी उडायला हवा. वेग वाढवला की पहिला पडदा पूर्ण उघडण्याआधीच दुसरा निघालेला असतो, मध्ये नुसती फट सरकते. तेव्हा फ्लॅश उडाला तर फटीपुरताच उजेड पडतो, बाकी काळं. रंगमंचाचा पडदा अर्धा उघडला असताना लाईट मारल्यासारखं.

कॅनन १५००डी, निकॉन डी३५०० सारख्या कॅमेऱ्यांत ही मर्यादा १/२०० सेकंद आहे. स्वस्त ट्रिगर इशारा द्यायला किंचित उशीर करतो, म्हणून १/१६० किंवा १/१२५ वर काम करा. पट्टा गेला तर ट्रिगर चांगला आहे.

भर दुपारी मागचं धूसर करून फोटो हवा असेल तर वेग याहून वाढवावा लागतो, आणि तिथे हाय स्पीड सिंक कामी येतं. पण त्यात फ्लॅशची ताकद बरीच घटते. त्यासाठी तीन-चार हजार जास्त देण्यापेक्षा फोटो दुपारऐवजी साडेपाचला काढा, फुकटात काम होतं.

आणखी दोन छोट्या गोष्टी. मिररलेस कॅमेऱ्यात सायलेंट किंवा इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर बहुतेकदा फ्लॅश उडतच नाही, ते बंद करा. आणि फ्लॅशची झोपायची सेटिंग बंद ठेवा, नाहीतर पाहुणे उभे राहिले आणि फ्लॅश झोपलेला, असं होतं.

पहिली मांडणी : ओसरीवरची आजी

संध्याकाळी ओसरीवर आजीला बसवा. कॅमेरा एम मोडवर, आयएसओ ४००, वेग १/१२५, छिद्र एफ ५.६. आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. तो थोडा अंधारा आला पाहिजे. नाही आला तर थोडं थांबा, ऊन उतरू द्या.

आता फ्लॅश पांढऱ्या छत्रीमागे, आजीपासून पाच फुटांवर, तिच्या उजव्या किंवा डाव्या हाताला तिरपा आणि डोक्याच्या थोडा वर ठेवा. ताकद १/१६. फोटो काढा. अंधारा वाटला तर १/८, जास्त झाला तर १/३२. चेहऱ्याची दुसरी बाजू फार काळी पडली तर त्या बाजूला कोणाला तरी पांढरी चादर धरून उभं करा. तेवढ्याने फरक पडतो.

स्टँड नसेल तर घरातलं पोरगं फ्लॅश धरून उभं राहू शकतं. स्टँड असेल तर त्याच्या पायाला मातीने भरलेली पिशवी अडकवा. छत्री वारा धरते आणि पाच-सहा हजारांचा फ्लॅश तोंडावर आपटतो.

शेतीतही याचा उपयोग आहे. टोमॅटोच्या पानावरची अळी, फुलकिडे, करप्याचा डाग जवळून टिपायचा तर वाऱ्याने पान हलतं आणि फोटो हलतो. कमी ताकदीवर फ्लॅशचा झटका एका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका छोटा असतो, त्यात हलणारं पानही थांबल्यासारखं येतं. कॅमेऱ्याला जवळून टिपणारी लेन्स, फ्लॅश बाजूला हातात, ताकद १/३२, छिद्र एफ ११. असा स्वच्छ फोटो नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांना दाखवला तर त्यांनाही किड ओळखायला सोपं जातं.

कुठे फ्लॅश उडवू नये

बैलगाडा शर्यतीच्या घाटात, बारी सुटताना समोरून फ्लॅश मारू नका. बैल आणि पुढची घोडी बुजली तर माणसं तुडवली जातात. तिथे उजेड भरपूर असतो, फ्लॅशची गरजच नाही.

बिबट्याचा फोटो काढायला रात्री उसाच्या कडेला फ्लॅश लावून बसण्याचा विचार मनातही आणू नका. आपल्या तालुक्यांत बिबट्याच्या हल्ल्यात माणसं गेली आहेत. बिबट दिसला तर फोटो बाजूला ठेवा, घरात या आणि वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. भीमाशंकरच्या जंगलात पक्ष्यांच्या घरट्यावर किंवा काजव्यांवरही फ्लॅश नको. काजवे तर फ्लॅशच्या उजेडात दिसणारच नाहीत.

लेण्याद्री किंवा इतर लेण्यांत स्टँड लावायचा असेल तर तिथल्या पुरातत्त्व विभागाच्या माणसाला आधी विचारा. अजिंठ्याला तर चित्रांच्या काळजीपोटी फ्लॅशला मनाईच आहे. तमाशाच्या तंबूत फडमालकाची परवानगी घ्या. नाचणाऱ्या बाईच्या डोळ्यांवर अंधारी आली तर पाय चुकतो.

मोबाईलवर फोटो काढणाऱ्यांसाठी

आपल्यातले बहुतेक जण मोबाईलनेच फोटो काढतात. मोबाईलला हॉट शू नसतो, आणि त्याचं शटर एका क्षणात सगळं उघडत नाही, ओळीओळीने वाचतं. त्यामुळे वर सांगितलेले ट्रिगर मोबाईलला चालत नाहीत. 'मोबाईल फ्लॅश ट्रिगर' म्हणून कोणी विकत असेल तर आपल्या मोबाईलवर दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. मोबाईलवाल्याने ते पैसे सतत जळणाऱ्या एलईडी लाईटवर घालावेत. तो बाजूला ठेवायचा, पुढे पांढरं कापड धरायचं. बाजूच्या उजेडाचा नियम तिथेही तोच.

थोडक्यात खरेदीचा क्रम

- घरातलेच फोटो आणि फ्लॅशला एस१-एस२ आहे : काहीच घेऊ नका.
- फ्लॅश आहे, कॅमेऱ्याला मधली पिन आहे : २.४ गिगाहर्ट्झची साधी जोडी.
- फ्लॅशच नाही : पोटात रिसिव्हर असलेला मॅन्युअल फ्लॅश आणि त्याच कंपनीचा ट्रान्समीटर.
- कॅनन १५००डी, ३०००डी, २००डी मार्क २ : आपल्या मॉडेलचं नाव यादीत बघूनच ट्रिगर, तोवर एस२.
- लग्नाची कामं घेणार असाल : मग टीटीएलचा विचार, तोही पहिल्या कमाईतून.

उरलेल्या पैशात आठ चार्ज होणारे सेल, एक स्टँड आणि एक पांढरी छत्री घ्या. पावसाळ्यात ट्रिगर आणि फ्लॅशमधले सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून आतल्या पट्ट्या गंजतात. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून सामान ठेवलं की लेन्सला बुरशीही लागत नाही. दिवाळीत बाहेर काढाल तेव्हा पहिल्या फोटोला फ्लॅश उडेल.